चर्च सोडलं, पण रात्रीची प्रार्थना सुटत नाही

प्रश्न: मावशी, मी मूळची सांगलीची, आता बरीच वर्षं युटात. एमएस करायला आले होते, पहिल्या हिवाळ्यात घरच्या आठवणीने रोज रडायचे, तेव्हा दोन मिशनरी मुली दाराशी आल्या आणि वर्षभरात मी मॉर्मन चर्चची मेंबर झाले. २०१४ ला सॉल्ट लेक टेंपलमध्ये लग्न झालं. आईबाबा सांगलीहून आले होते पण मेंबर नसल्यामुळे त्यांना आत येता आलं नाही, आई नऊवारी नेसून बाहेर बसून होती. नंतर कधीतरी चर्चच्याच वेबसाइटवरचे इतिहासाबद्दलचे निबंध वाचले आणि माझं सगळं कोसळलं. आता मी जात नाही, नवरा जातो. लेक सात वर्षांची आहे, पुढच्या वर्षी तिचा बाप्तिस्मा. आई म्हणते झालं गेलं, आता एक सत्यनारायण घाल आणि मोकळी हो. इथल्या चर्च सोडलेल्या मैत्रिणी म्हणतात देव वगैरे काही नाही, तुझं ब्रेनवॉशिंग झालं होतं. आणि मी? लाइट बंद झाला की अजून हाताची घडी घालते, ‘हेवनली फादर’ म्हणते आणि तिथेच अडकते. परवा लेकीने विचारलं, आई तू आता कुणाशी बोलतेस, तर मला उत्तर देता आलं नाही. मी मूर्ख आहे का? धर्मच सोडला तर श्रद्धा ठेवायचा हक्क राहतो का?

उत्तर:

अगं, मूर्ख बिर्ख काही नाहीस. आणि हक्काचं म्हणशील तर तो कुणी दिलेला नव्हता, त्यामुळे कुणी काढूनही घेऊ शकत नाही. प्रार्थना करावीशी वाटते ना, मग कर. कुणाला करतेयस ते आधी पक्कं ठरलंच पाहिजे असं काही नाही. एवढंच उत्तर पुरलं असतं तर बरं झालं असतं, पण तुझ्या पत्रात बाकी बरंच काय काय गुंतलंय त्यामुळे आज जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस. (घेतेस ना आता? चहा आणि कॉफी दोन्ही बंद असलेल्या धर्मात सांगलीची मुलगी इतकी वर्षं टिकली यावरूनच कळतं की तू हे वरवर केलं नव्हतंस.)

मी स्वतः कधी मेंबर नव्हते. पण आम्ही काही वर्षं सॉल्ट लेकच्या दक्षिणेला राहिलोय, आख्खी गल्ली एका वॉर्डातली (वॉर्ड म्हणजे चर्चची त्या भागातली मंडळी), आणि आमचं एकच घर ‘बाहेरचं’. त्यामुळे आतलं सगळं नाही तरी दारातून दिसतं तेवढं मी पाहिलंय, आणि सोडलेल्यांचं रडणंही आमच्या किचनमध्ये बसून ऐकलंय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते, कारण आपल्याकडे लोकांना वाटतं की देवळात जाणं बंद केलं की झालं, त्यात पत्र लिहिण्यासारखं काय आहे. तसं नसतं ते. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने हे चर्च काढलं, १८४४ मध्ये इलिनॉयच्या एका तुरुंगात जमावाने त्याला मारलं, मग ब्रिगहॅम यंगच्या मागून लोक बैलगाड्यांनी, काही तर हातगाड्या ओढत, युटाच्या वाळवंटात आले आणि १८४७ पासून तिथे यांचं बस्तान बसलं. आज तिथे तुम्ही कुठल्या रस्त्यावर राहता त्यावरून तुमचा वॉर्ड ठरतो, वॉर्डातलाच कुणी डेंटिस्ट नाहीतर प्लंबर बिनपगारी बिशप असतो, प्रत्येकाला काहीतरी काम लावून दिलेलं असतं त्याला कॉलिंग म्हणतात, उत्पन्नातले दहा टक्के द्यायचे, आणि ते देता का, चहा-दारू पिता का, अमुक मानता का असे प्रश्न विचारूनच टेंपलमध्ये जायचा परवाना मिळतो. लग्न टेंपलमध्ये झालं तर ते मरेपर्यंत नाही, मेल्यानंतरही, अनंतकाळ. आणि तिथे परवाना नसलेल्याला प्रवेश नाही, मग तो नवरीचा बाप का असेना. त्या वेळी अमेरिकेत आधी कोर्टात लग्न करून लगेच टेंपलमध्ये जायचं म्हटलं तर वर्षभर थांबावं लागायचं, तो नियम २०१९ मध्ये काढला. म्हणजे तुझ्या आईचं बाहेर बसणं पाच वर्षांनी टळलं असतं. हे तुला माहीत असणारच, आणि तुझ्या रागात ते किती आहे तेही मला दिसतंय.

तर असं चर्च सोडायचं म्हणजे रविवार जातो, शेजार जातो, बाळंतपणात दोन आठवडे आळीपाळीने डबे आणून देणाऱ्या बायका जातात, नवऱ्याशी बोलायचा अर्धा विषय जातो, आणि मेल्यावर काय होणार याचं तयार उत्तर जातं. तुझी आई म्हणते ‘झालं गेलं’, ते ती प्रेमाने म्हणते, पण तिला यातलं काही दिसणं शक्य नाही.

आता तुझ्या निबंधांबद्दल. २०१३ ते २०१५ मध्ये चर्चने स्वतःच हे निबंध टाकले, त्यामुळे कुणा विरोधकाचं कारस्थान म्हणायची सोय राहिली नाही. जोसेफने ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या धर्मग्रंथाचं भाषांतर करताना टोपीत एक दगड ठेवून त्यात डोकं घातलं होतं, त्याने तीस ते चाळीस बायकांशी लग्नं लावली आणि त्यातली सगळ्यात लहान पंधराचीही झाली नव्हती, इजिप्शियन कागदांवरून अब्राहमचं पुस्तक लिहिलं म्हणतात त्या उरलेल्या तुकड्यांवर प्रत्यक्षात प्रेतासोबत ठेवायचे नेहमीचे मंत्र आहेत, आणि काळ्या माणसांना १९७८ पर्यंत याजकपद नव्हतं, टेंपलचे मुख्य विधी नव्हते. हे वाचून तू हादरलीस यात नवल नाही, हादरली नसतीस तर नवल. नंतर २०२३ च्या फेब्रुवारीत पैशाचं बाहेर आलं, चर्चच्या गुंतवणूक कंपनीने शेल कंपन्या करून अब्जावधी डॉलर लपवले म्हणून सरकारी नियामकाने चर्च आणि कंपनी दोघांना मिळून पन्नास लाख डॉलरचा दंड केला. तू विद्यार्थिनी असताना स्टायपेंडमधून दहा टक्के काढून देत असणार, तर चीड येणारच. येऊ दे. चिडायला मुदत नसते. पण हे खरं होतं की खोटं यावर मी इथे वाद घालणार नाही, तू वाचलंयस, तू ठरवलंयस, ते संपलं.

माझं म्हणणं वेगळंच आहे. तू चर्चमधून बाहेर पडलीस पण चर्चचं लॉजिक सोबत घेऊन बाहेर पडलीस.

बघ कसं ते. मिशनरी मुलींनी तुला काय सांगितलं असेल, की हे पुस्तक वाच, मनापासून देवाला विचार, आणि पवित्र आत्मा तुला कळवेल. तू विचारलंस आणि छातीत ऊब आली, डोळ्यांत पाणी आलं. इथपर्यंत जे झालं ते तुझं. पण मग त्याच्यावर साखळी लावली गेली: ऊब आली म्हणजे पुस्तक खरं, पुस्तक खरं म्हणजे जोसेफ पैगंबर, तो पैगंबर म्हणजे आजचा अध्यक्षही पैगंबर, म्हणजे दहा टक्के खरे, चहा न पिणं खरं, आई बाहेर बसणं खरं. हे आपल्याकडच्या खानावळीसारखं आहे, ताट घ्यायचं तर पूर्ण ताट, नुसती आमटी मिळणार नाही. आणि हे मी रंगवून सांगत नाहीये, २००३ च्या एप्रिल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या जाहीर अधिवेशनात, त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष हिंकली स्वतः उभं राहून म्हणाले होते की एकतर हे चर्च खरं आहे नाहीतर फसवणूक आहे, मधलं काही नाही.

आता तुझं पत्र परत वाच. ‘धर्मच सोडला तर श्रद्धा ठेवायचा हक्क राहतो का’. हा प्रश्न कुणाचा आहे? हिंकलींचा आहे गं! एक तर सगळं नाहीतर काहीच नाही. तुझ्या त्या मैत्रिणी म्हणतात ब्रेनवॉशिंग होतं, देव नाही, त्याही नकळत तेच वाक्य म्हणतायत, फक्त ‘फसवणूक’ या टोकावरून. साखळीची खालची कडी तुटली म्हणून वरची ऊबही खोटी. कशावरून? तुला त्या हिवाळ्यात एकटीला जे वाटलं ते तुला वाटलं होतं. त्याच्यावरून पुस्तक खरं ठरत नव्हतं, हे आता तुला कळलंय. पण पुस्तक खोटं ठरल्याने ते वाटणं खोटं होत नाही. आपली आजी वारीत चालताना रडते, कुणी दर्ग्यात कव्वाली ऐकून रडतं, कुणी काहीच न मानणारा माणूस सह्याद्रीच्या कड्यावर पहाटे गप्प होऊन जातो. एवढ्या वेगवेगळ्या ठिकाणी ते येतं म्हणजे ते कुठल्याच एका संस्थेचा शिक्का नाही, आणि तरी येतं ते येतंच.

मी मैत्रिणींना नावं ठेवत नाहीये हं. त्यांच्यातल्या बऱ्याचजणी जन्मापासून आत होत्या, त्यांचं जळलंय जास्त. आणि त्या विचार करून नास्तिकपणापर्यंत आल्या असतील तर ते चांगलं प्रामाणिक ठिकाण आहे, माझ्या घरात दोन नास्तिक आहेत आणि दोघंही माझ्यापेक्षा जास्त परोपकारी. पण तू तिथे अजून पोचली नाहीयेस ना, मग पोचल्याचं नाटक करू नकोस. एका वॉर्डात टेस्टिमनी, म्हणजे श्रद्धेची जाहीर साक्ष, दिलीस, आता दुसऱ्या कंपूत उलटी टेस्टिमनी द्यायची गरज नाही. पहिल्या रविवारी उपास करून माइकवर उभं राहून ‘मला ठाऊक आहे की हे चर्च खरं आहे’ म्हणायची जी सवय असते ना, ती फार खोल जाते, लहान लहान पोरं बापाच्या कानातल्या कुजबुजीवरून म्हणतात ते मी ऐकलंय. त्यातून आलेल्या माणसाला ‘मला माहीत नाही’ म्हणताना चोरी केल्यासारखं वाटतं. तर तू आता थोडे दिवस, थोडी वर्षंसुद्धा, माहीत नाही म्हणून राहा. माहीत नसताना प्रार्थना करता येते. कोट्यवधी लोक तेच करतात, फक्त माइकवर सांगत नाहीत.

आणि तू काही पहिली नाहीस. आपल्याकडच्याच दोन माणसांची मला तुझं पत्र वाचून फार आठवण झाली. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर तिथल्या ज्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला होता त्यांच्याशीच पत्रांतून कडकडून भांडल्या, की चर्च सांगतं म्हणून मी मानणार नाही, मला पटेल ते मानेन. भटजींच्या जोखडातून एवढ्या कष्टाने मान सोडवलीये ती लगेच दुसऱ्या धर्मगुरूंच्या जोखडात घालायला मी तयार नाही, अशा अर्थाचं त्यांनी चक्क लिहून कळवलं. बरं, ख्रिस्त सोडला का? नाही. शेवटपर्यंत नाही. दुसरे रेव्हरंड टिळक, १८९५ ला ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळे चालतील. दोन वर्षांत गेले, दरबार काही फार चालला नाही. पण त्यांना कुणी म्हणालं असतं की मिशन सोडलंत म्हणजे तुमची श्रद्धाच खोटी, तर त्यांनी त्यावर एक अभंग लिहून हातात ठेवला असता. आपल्या भाषेत ही परंपरा आहे, मधल्या माणसाला बाजूला करायची, आणि ती काही फक्त हिंदू घरातल्यांची नाही. तुझीही आहे.

म्हणूनच सत्यनारायणाबद्दल माझं मत सांगते. आईसाठी घालायचा तर खुशाल घाल, प्रसादाचा शिरा चांगला असतो. पण शुद्धीकरण म्हणून घालू नकोस, कारण तू काही विटाळली नाहीयेस. एका ताटावरून उठून लगेच दुसऱ्या पूर्ण ताटावर बसायची घाई नको. आजी म्हणायची ते अभंग आठवतात का बघ, आठवले तर म्हण, त्यासाठी कुठे नाव नोंदवावं लागत नाही. आणि चर्चमधलं एखादं भजन अजून आवडत असेल तर तेही म्हण. आता यातलं माझं काय आणि त्यांचं काय अशी वाटणी करत बसू नकोस.

लेकीच्या प्रश्नाचं काय करायचं. ‘आई तू कुणाशी बोलतेस.’ मला वाटतं तिला खरं सांग, की मला नक्की माहीत नाही, पण बोललं की बरं वाटतं, आणि कुणीतरी ऐकतंय असं कधीकधी वाटतं. सात वर्षांच्या मुलीला हे उत्तर पुरतं, मोठ्यांनाच पुरत नाही. आणि ‘हेवनली फादर’शी अडकतेस त्याचं म्हणशील, तर एक गंमत तुला माहीतच असेल की यांच्या शिकवणीत स्वर्गात आईसुद्धा आहे, १८४५ पासून त्यांच्या एका भजनात ती आहे, पण तिला प्रार्थना करायची नाही असं वरून सांगितलेलं आहे, २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं. मला हे कधी झेपलंच नाही. आई आहे, पण तिला हाक मारायची नाही? विठ्ठलालासुद्धा माउली म्हणणाऱ्या मुलखातली तू, तुला इतकी वर्षं हे कसं चाललं गं? (चाललं कारण त्या वेळी तुला तुझी स्वतःची आई सात समुद्रापलीकडे होती आणि रिलीफ सोसायटीतल्या, म्हणजे चर्चच्या महिला मंडळातल्या, बायकांनी ती जागा भरली, हे मला कळतंय.) तर ‘आई’ म्हणून बघ. नाहीतर कुणालाच हाक मारू नकोस, हाताची घडी सोड, हात मोकळे ठेव आणि आजचा दिवस कसा गेला ते मनात सांग. शेवटी ‘जिझस ख्राइस्टच्या नावाने, आमेन’ तोंडात येईल, सवय आहे, आलं तर येऊ दे. काही रात्री काहीच वाटणार नाही. ते तुझ्या पापामुळे, किंवा तू गारमेंट, म्हणजे त्यांचे आतून घालायचे पवित्र कपडे, घालत नाहीस म्हणून आत्मा निघून गेला वगैरे त्यामुळे नाही. काही रात्री काही वाटत नाही, एवढंच.

एकटीने जमतंय पण माणसं हवीत असं वाटलं, आणि वाटेलच, कारण तू वॉर्डाची सवय असलेली बाई आहेस, तर सॉल्ट लेकमध्ये पर्याय बरेच आहेत. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक तासभर नुसते गप्प बसतात, कुणी पाद्री नाही, भाषण नाही, कुणाला काही सुचलं तर उठून बोलतो. युनिटेरियन नावाच्या मोकळ्या पंथाच्या लोकांत नास्तिकापासून बौद्धांपर्यंत सगळे मावतात. कॅथेड्रल ऑफ द मॅडेलिन या कॅथलिक चर्चमध्ये नुसतं गाणं ऐकायला मागच्या बाकावर बसलीस तरी कुणी टोकत नाही. साउथ जॉर्डनला गणपतीचं देऊळ आहे तिथे मराठी बोलायला मिळेल. आणि स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरातली होळी तर तुला माहीतच असेल, तिथे रंग खेळायला येणारी निम्मी पोरं प्रोव्होची मॉर्मनच असतात, आनंदाने हरे कृष्ण म्हणत नाचतात आणि रविवारी आपल्या वॉर्डात जातात, त्यांना कुठे काय अडतं! मात्र पहिलं वर्षभर कुठेही मेंबर होऊ नकोस. फॉर्म पुढे आला तर नको म्हण. तुला चटकन सही करायची सवय आहे, रागावू नकोस, पण आहे.

दहा टक्क्यांचं पण काहीतरी कर. म्हणजे द्यायचेच असं नाही, पण सोडलेल्या बऱ्याच लोकांना महिन्याच्या शेवटी विचित्र रिकामं वाटतं, देण्याची सवय चांगली होती, पत्ता चुकीचा निघाला. दोन टक्के दे, तुला दिसेल अशा ठिकाणी दे, एखाद्या पोरीची फी भर. नाहीतर वर्षभर सगळं स्वतःवर आणि आईबाबांच्या तिकिटांवर उडव, त्यातही मला काही वाईट दिसत नाही.

आता नवरा. इथे मात्र हळू. तुझ्यासाठी जे कोसळलं ते त्याच्यासाठी अजून उभं आहे, आणि त्याच्या बाजूने बघ, त्याला शिकवलंय की टेंपलमधल्या सीलिंगने, म्हणजे लग्नाच्या त्या विधीने, तुम्ही अनंतकाळ एकत्र आहात, आणि आता त्याला भीती आहे की तू मागे राहशील. तो तुझ्याशी वाद घालत असेल तेव्हा बऱ्याचदा तो घाबरलेला असतो. त्याला तू आतापर्यंत काय काय मानत नाहीस त्याची यादी दिली असशील, टोपीतला दगड वगैरे. एकदा उलट करून बघ, अजून काय मानतेस ते सांग. रात्री प्रार्थना सुरू करते आणि अडकते, हे त्याला माहितीये का? माझी पैज आहे की नसणार. तो तुला पूर्ण गेलेली समजत असेल आणि तू त्याला पूर्ण आत. नावच काढून टाकायचं, म्हणजे रीतसर राजीनामा, तो कधीही देता येतो, एका पत्राचं काम आहे. पण चर्चच्या नियमाने त्यात सीलिंगचे आशीर्वादही जातात, तुला त्याचं काही नसेल, त्याला ते घटस्फोटासारखं लागेल. म्हणून भांडणाच्या रात्री ते पत्र लिहू नकोस. लक्ष्मीबाई टिळक नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, मग एका घरात दोन धर्म असे राहिल्या, आणि पुढे स्वतःच्या वेळेने स्वतःच्या वाटेने गेल्या. कुणी ओढून नेलं नाही. तुमच्याकडे निदान व्हॉट्सॲप आणि सेक्युलर कपल थेरपिस्ट दोन्ही आहेत. थेरपिस्ट शोधताना तेवढं सरळ विचारून घे की धर्मामुळे दुभंगलेल्या जोडप्यांसोबत काम केलंय का, युटात असे बरेच आहेत.

बाप्तिस्म्याचं. आठव्या वर्षी होतो म्हणून आठव्या वर्षीच झाला पाहिजे असं नाही, आठच्या आधी होत नाही एवढंच, नंतर नऊला, चौदाला, तिसाव्या वर्षीही होतो. आणि आईवडिलांच्या संमतीशिवाय लहान मुलाचा करत नाहीत. पण संमती हे हत्यार करू नकोस. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली पांढरे कपडे घालून पाण्यात उतरणार, आजीआजोबा येणार, केक असणार, आणि तिला ‘आईने नाही म्हटलं’ हे आयुष्यभर लक्षात राहणार. माझं मत विचारशील तर नवऱ्याला सांग की मला थांबायला आवडेल, बारा-तेरापर्यंत, तिला थोडं कळू दे. तो तयार नसेल आणि लेकीला मनापासून हवंच असेल तर होऊ दे, तू पुढच्या रांगेत बस, आणि तिच्या सगळ्या माणसांना बोलव, सांगलीच्या आजीआजोबांनासुद्धा, कारण बाप्तिस्मा टेंपलच्या आत नसतो, मीटिंगहाउसमध्ये असतो, तिथे सगळ्यांना येता येतं. आधी बिशप तिची मुलाखत घेईल त्या खोलीत आई किंवा बाबा बसू शकतात, २०१८ पासून तसा नियमच आहे. तू बस. आणि घरी तिला एवढं शिकवून ठेव की छातीत ऊब आली म्हणजे छान वाटलं, त्यावरून कुणी तुला पुढच्या दहा गोष्टी करायला सांगितल्या तर त्या एकेक करून तपासायच्या. हे तिला चर्चमध्ये उपयोगी पडेल, कॉलेजमध्ये पडेल, लग्न ठरवताना तर पडेलच.

शेवटचं, तू पत्रात एका ओळीतही लिहिलं नव्हतंस पण तुला विचारायचं असणार. वॉर्डातल्या बायका अधूनमधून घरी येतात ना, मिनिस्टरिंग म्हणून, म्हणजे विचारपूस करायला, कुकीज घेऊन, तेव्हा दार उघडायचं का? उघड. स्पष्ट सांग की प्रवचन नको, टेंपलचं नको, परत यायचं आमंत्रण नको, पण बस, गप्पा मारू. ज्यांना फक्त तुला परत न्यायचं होतं त्या दोन-तीन महिन्यांत यायच्या बंद होतील आणि त्याचं वाईट वाटेल. एखादी मात्र येत राहील. तिला चहा चालत नाही, दुधात हळद घालून दे.

तुझी,
मावशी